मोगूबाई कुर्डीकर: मैफिलींपेक्षा तालमीचीच गोष्ट मोठी

आडवाताल:

गेल्या आठवड्यात क्लासमध्ये एका नव्या मुलीने विचारलं, "मोगूबाई म्हणजे गायिका किशोरीताई आमोणकरांच्या आई ना?" आमच्या बाईंनी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा आवाज बारीक केला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "किशोरीताई म्हणजे मोगूबाईंची मुलगी." एवढंच. आवाज परत मोठा केला आणि पुढे चालू. घरी येताना बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

एखाद्या गवयाबद्दल लिहायचं तर आपण मैफिली, पुरस्कार, रेकॉर्डी यांचा हिशेब मांडतो. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका मोगूबाईंचा तसा हिशेब मांडला तर दोन ओळींत उरकतो: १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७४ साली पद्मभूषण, लोकांनी दिलेलं नाव 'गानतपस्विनी'. संपलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्याची खरी गोष्ट स्टेजवर घडलीच नाही. ती घडली गुरूच्या दारात, आणि तीही दार उघडण्याची वाट बघण्यात.

जन्म १५ जुलै १९०४, गोव्यातल्या कुर्डी गावात. आई जयश्रीबाई स्वतः गाणाऱ्या. मुलगी मोठी गायिका व्हावी हा त्यांचा ध्यास, त्यासाठी तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातलं. मुलगी दहा वर्षांचीही पुरती झाली नव्हती तोवर आई गेली. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळी. ही सगळी बायकांची नाटक कंपनी, म्हणजे पुरुषांची कामंही बायकाच करायच्या. (बालगंधर्व लुगडं नेसून महाराष्ट्राला वेड लावत होते त्याच काळात हा उलटा प्रकारही जोरात चालू होता, त्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा.) तिथे मोगूबाईंनी 'सौभद्र'मधली सुभद्रा केली, 'पुण्यप्रभाव'मधली किंकिणी केली. मग कंपनी सुटली, तब्येत बिघडली आणि १९१९ च्या सुमारास त्या सांगलीला आल्या. वय वर्षं पंधरा, डोक्यावर आई नाही.

सांगलीत उपचारासाठी आलेले जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँसाहेब रस्त्याने जाता-येता एका घरातून येणारा रियाजाचा आवाज ऐकायचे. एक दिवस ते आत गेले आणि शिकवायला लागले. इथे सिनेमा असता तर मध्यंतर झालं असतं. पण दीडेक वर्षाने खाँसाहेब मुंबईला गेले. पाठोपाठ मोगूबाईही मुंबईला आल्या, तर इथे चित्र वेगळंच. खाँसाहेबांच्या आधीच्या, पैसेवाल्या शिष्यवर्गाला या मुलीला तालीम मिळणं पसंत नव्हतं असं सांगतात. शिकवणी बंद. मग आग्रा घराण्याचे बशीरखाँ, त्यानंतर त्याच घराण्याचे विलायत हुसेनखाँ. मग खाँसाहेबांनीच आपल्या धाकट्या भावाला, हैदरखाँना, शिकवायला सांगितलं. ती तालीम रंगात आली आणि १९३१ मध्ये हैदरखाँनीही मुंबई सोडली.

शेवटी १९३४ साली अल्लादिया खाँसाहेबांनी रीतसर गंडा बांधला, म्हणजे दोरा बांधून त्यांना शिष्या करून घेतलं.

मोजा. सांगलीतल्या त्या पहिल्या धड्यापासून गंड्यापर्यंत पंधरा वर्षं. शिकायला सुरुवात झाली तेव्हा पंधरा वर्षांची मुलगी, गंडा बांधला तेव्हा तीस वर्षांची संसारी बाई. आणि हे सगळं करून झाल्यावर १९३९ मध्ये यजमान, माधवदास भाटिया, गेले. पदरात तीन मुलं. शिकवण्या आणि मैफिली यांवर घर.

तुम्ही त्यांना ऐकलंय का? कुणाच्या घरात कुणी प्रत्यक्ष ऐकलंय का? लिहा.

---

कांदाभजी:

शीर्षक वाचून वाटलं कोल्हापूरच्या आखाड्याचा धागा आहे, म्हणून धावत आलो. तरी वाचला शेवटपर्यंत. गाण्यातलं ओ की ठो कळत नाही पण गोष्ट आवडली.

---

आडवाताल:

@कांदाभजी, फार चुकला नाहीत. अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूरलाच होते. एकाच राजाच्या आश्रयाने दोन्ही तालमी चालायच्या. फरक इतकाच की एकीत घाम मातीत जिरायचा.

---

पेटीवाला:

वाचनखूण साठवली. एक भर घालतो. शिष्यांची नावं बघितली की बाईंचा आवाका कळतो. किशोरीताई तर आहेतच. शिवाय कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, सुहासिनी मुळगावकर, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर (ते आग्र्याचेही, तिथे खादिम हुसेनखाँकडे शिकले), अरुण द्रविड. आणि वामनराव देशपांडे. धंद्याने चार्टर्ड अकाउंटंट, पण घराण्यांवर मराठीत ज्यांचं लिखाण आजही पहिलं काढून वाचलं जातं, ते वामनराव मोगूबाईंकडे शिकलेले. म्हणजे आपण 'जयपूर गायकी म्हणजे काय' असं जे मराठीत बोलतो, त्या भाषेच्या मुळाशीही बाईंची तालीम आहे.

---

शंकासुर:

नेहमीप्रमाणे सूर बिघडवायला हजर आहे. गुरूच्या उंबऱ्यावर पंधरा वर्षं झुरणं याचा एवढा गौरव कशाला? मला तर यात विद्येची सरळसरळ साठेबाजी दिसते. एक माणूस शिकवू शकतो, एक मुलगी शिकू शकते, आणि मध्ये तिसरेच लोक ठरवतात की शिकवायचं की नाही. आज एखाद्या क्लासने असं केलं तर आपण इथेच त्यांची पिसं काढू. आणि ही 'तपस्विनी' वगैरे विशेषणं बायकांनाच बरी चिकटतात. पुरुष गवयाने हेच केलं की तो 'जिद्दी'.

---

आडवाताल:

@शंकासुर, विशेषणाबद्दल सहमत, तो मुद्दा मला सुचायला हवा होता.

साठेबाजीबद्दल मात्र अर्धाच सहमत. त्या काळच्या उस्तादाकडे विकायला दुसरं काय होतं? संस्थानाचा आश्रय महाराजांच्या मर्जीवर, आणि शाहू महाराज १९२२ मध्ये गेलेच. खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, म्हणजे मुंबईत बिऱ्हाड मांडलं तेव्हा साठी कधीच उलटली होती. ना पेन्शन, ना रॉयल्टी. गळ्यातल्या चिजा, म्हणजे बंदिशी, हीच जमीन आणि हेच दागिने. ज्यांनी त्यासाठी रोख मोजले त्यांना वाटणारच की शेजारणीला फुकट का? याचं समर्थन करत नाहीये, फक्त व्यवहार सांगतोय. मला नवल वाटतं ते याचं, की हा सगळा व्यवहार अंगावर झेलूनही मोगूबाईंनी स्वतः शिकवताना हात आखडला नाही. वर पेटीवाल्यांनी दिलेली यादी बघा.

---

गिरगावचा_चिवडा:

स्पष्टच बोलायचं तर त्या 'पैसेवाल्या शिष्यवर्गात' केसरबाई केरकर होत्या की नाही? माझे आजोबा म्हणायचे...

---

नववी मात्रा:

@गिरगावचा_चिवडा, आजोबांना नमस्कार, पण प्रत्येक धाग्यावर केसरबाईंची खलनायिका करायचा हा खेळ आता पुरे. त्यांचा प्रवास बघा की जरा. जन्म १८९२, गोव्यातलं केरी. आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीमखाँ, ते आठेक महिने. मग वझेबुवा. मग भास्करबुवा बखले. मग सतारिये बरकतुल्ला खाँ. अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा १९२१ मध्ये, म्हणजे वीस वर्षं दारोदार फिरल्यावर, एकोणतिसाव्या वर्षी. मोगूबाई तिसाव्या. हिशेब जवळजवळ सारखाच निघतो. एकीला जे मिळवायला वीस वर्षं लागली ते तिने मुठीत घट्ट धरलं असेल, तर मला त्यात दुष्टपणा दिसत नाही, धास्ती दिसते.

अवांतर: १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यात आपल्याकडचं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी, 'जात कहां हो'. दुसरं यान सुटल्यावर दोनच आठवड्यांत, १६ सप्टेंबरला, बाई गेल्या. आता मोगूबाईंकडे परत येऊया.

इतके प्रतिसाद झाले, गाण्याबद्दल कुणी बोलेल का? मी सुरुवात करते.

जयपूर-अत्रौलीचा ख्याल बहुधा विलंबित तीनतालात असतो, पण हा विलंबित किराणा घराण्यासारखा लांबलचक नाही. तिकडे एकतालाच्या एका मात्रेत माणूस पाणी पिऊन येईल. इथे लय मध्याकडे झुकलेली, ठेका हाताशी आणि आलापसुद्धा त्या लयीला बांधलेला. मोकळं फिरायला मिळत नाही. स्वर नुसता लावून चालत नाही, तो मात्रेच्या कुठल्या कोपऱ्यात ठेवलाय हे महत्त्वाचं. अर्ध्यावर, पावेवर, मात्रा सुटता सुटता. याच्या मागे खाँसाहेबांची एक आपत्ती आहे. आमलेटा संस्थानाच्या दरबारात अतोनात गाऊन त्यांचा आवाज गेला. परत आला तो जड होऊन. मग नुसत्या गोडव्यावर विसंबून भागेना, तेव्हा त्यांनी आकार, लय आणि वक्र तानांची गुंफण यांवर आपली गायकी उभी केली.

मोगूबाई या लयीच्या अंगाला जास्त जवळ होत्या. त्यांचं ऐकताना मांडीवर ताल धरून बघा. चार-पाच आवर्तनांत हात चुकतो. कारण त्या ठेक्याच्या टाळीवर वजन देतच नाहीत. वजन येतं आजूबाजूला, आणि तरीही सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अशी येते की ती आली हे आधी तबलजीच्या चेहऱ्यावर कळत असणार. आलाप कुठे संपला आणि तान कुठे सुरू झाली तो सांधा सापडत नाही. दम घेतलेला तर ऐकूच येत नाही.

आमच्याकडे सुरुवातीचे सहा महिने मांडीवर टाळी द्यायला बंदी होती. बोटांवर मोजायलाही. बाई म्हणायच्या, "बोटांनी मोजशील तर बोटंच गातील." मी खाली, म्हणजे नववी मात्रा, कुठे आली हे दाखवायला नकळत डावा अंगठा हलवायचे. बाई न बोलता माझ्या अंगठ्यावर आपली वही ठेवायच्या. जाडजूड, खाकी कव्हर घातलेली, दोनशे पानी. त्या वहीच्या वजनाखाली मी बिहागडा राग शिकले. 'प्यारी पग हौले' ऐकलं की आजही अंगठा जड होतो. आयडीचं रहस्यही त्यातच आहे.

---

कांदाभजी:

तो पाणी पिण्याचा मुद्दा समजला. बाकीचं डोक्यावरून गेलं पण वही समजली.

---

तानपुरेवाली:

नववी मात्रा, सुरेख प्रतिसाद!

आई म्हणून आणि गुरू म्हणून मोगूबाई वेगळ्या होत्या हे किशोरीताईंनी मुलाखतींतून पुष्कळदा सांगितलंय. माई, म्हणजे मोगूबाई, एखादी जागा गाऊन दाखवणार, ती उचलायची. विचारायचं नाही, लिहून घ्यायचं नाही. 'गीत गाया पत्थरों ने'साठी ताई गायल्या तेव्हा माईंनी बजावलं की सिनेमात गाणार असशील तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावू नकोस. आज ऐकताना कठोर वाटतं. पण ज्या बाईला तो तानपुरा मांडीवर घेण्याचा अधिकार मिळवायला पंधरा वर्षं लागली, ती दुसरं काय बोलणार?

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. लहानपणी ताई आईबरोबर दौऱ्यांवर तानपुऱ्याला जायच्या. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुठेतरी लावून दिलेली राहायची सोय आणि बिदागीची कुचंबणा, हे सगळं त्यांनी आईच्या शेजारी बसून पाहिलं. पुढे ताई आयोजकांशी वागण्यात कडक म्हणून बदनाम झाल्या. हॉटेल असंच हवं, ग्रीनरूममध्ये कुणी यायचं नाही, मैफिलीत कुजबुज चालायची नाही. लोक म्हणायचे, काय हा तोरा. मला तो तोरा कधी वाटला नाही. आईची उधारी मुलगी वसूल करत होती.

आणि एवढी घरची तालीम असताना माईंनी मुलीला अंजनीबाई मालपेकरांकडेही पाठवलं, म्हणजे भेंडीबाजार घराण्याकडे. घराण्याच्या भिंतींबद्दल इतकं ऐकतो आपण, पण माईंनी स्वतः आग्र्याची तालीम घेतली होती आणि मुलीसाठी आणखी एक खिडकी उघडली.

---

शंकासुर:

@तानपुरेवाली, 'आईची उधारी मुलगी वसूल करत होती'. बरं. एक तरी वाक्य असं मिळालं की ज्यावर शंका घेता येत नाही. नोंद घ्यावी.

---

गोंयकार दादरचो:

देव बरें करूं. उशिरा आलो धाग्यावर, पण माझ्या तालुक्याची गोष्ट असल्याने लांबड लावणार, कुणी थांबवू नका.

आधी आडनावाचं. कुर्डीकर, केरकर, मालपेकर, मंगेशकर. कुर्डी, केरी, मालपे, मंगेशी. ही सगळी गावं आहेत. गोव्यातल्या कलावंत समाजात, म्हणजे देवळाशी बांधलेल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या घराण्यांत, बापाचं नाव लावायची सोय बहुतेकींना नव्हती, म्हणून गावाचं नाव लावलं. मुंबईत ही मंडळी आली ती गाव नावात बांधून. आज तीच नावं आपण इतक्या आदराने घेतो की त्यामागे काय होतं ते विसरूनच गेलो. शंकासुर म्हणतात तो मुद्दा इथे येतो. मोगूबाईंची आई मुलीसाठी एवढी का झटली? ज्या बाईला समाजात दुसरी प्रतिष्ठा मिळणार नव्हती, तिला एकच रस्ता दिसत होता: मुलीची विद्या एवढी मोठी करायची की लोकांना समोर बसून ऐकावंच लागेल.

आता कुर्डीबद्दल. सांगे तालुक्यातलं हे गाव आज नकाशावर शोधाल तर पाणी दिसेल. साळावली धरण. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन सांगून गेले होते की धरण होणार, दक्षिण गोव्याला पाणी मिळणार, तुम्हाला उठावं लागणार. तीन हजारांच्या आसपास वस्ती. लोकांना वाडे आणि वालकिणीला जागा दिल्या. कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभारलं. १९८६ च्या आसपास गाव बुडालं. मोगूबाई तेव्हा हयात होत्या, ऐंशी पार. त्या गेल्या १० फेब्रुवारी २००१ ला. म्हणजे आडनावातलं गाव पाण्याखाली गेल्यावर पंधराएक वर्षं त्या ते आडनाव लावत होत्या.

पण गाव दर वर्षी वर येतं. मे महिन्यात पाणी उतरलं की आधी देवळाचा भाग दिसतो, मग घरांचे चौथरे, मग वाटा. मी चार वर्षांपूर्वी गेलो होतो. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या, त्यावर पाय ठेवला की खापरासारखा आवाज. माडांचे बुंधे उभे, झावळ्या नाहीत, काळे खांब नुसते. पायाखाली शिंपले. जुने गावकरी कुटुंब घेऊन येतात, आपापला चौथरा शोधतात, त्यावर चटई टाकून बसतात, डबे उघडतात. सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती मंडळी आपल्या कपेलाशी जमतात. पोरं क्रिकेट खेळतात. एक म्हातारी आपल्या चौथऱ्याचा उंबरा होता तिथे वाकून हाताने माती झाडत होती. सून म्हणाली, "आई, परत पाणी येणार ना आता." म्हातारी म्हणाली, "म्हणून घाण ठेवूं?"

मोगूबाईंच्या घराचे अवशेषही तिथे दाखवतात. जांभ्या दगडाचा एक चौथरा आणि जेमतेम उरलेली भिंत. मी तिथे उभं राहून फोनवर त्यांचं काहीतरी लावावं असं ठरवून गेलो होतो. रेंज नव्हती.

---

पेटीवाला:

हे वाचून गप्प झालो.

---

गिरगावचा_चिवडा:

@नववी मात्रा, आजोबांच्या वतीने माघार. वीस वर्षांचा हिशेब माहीत नव्हता.

@गोंयकार, 'म्हणून घाण ठेवूं' 🙏

---

कोरी_पाटी:

नवीन सभासद आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. ऐकायला सुरुवात कुठून करू? मी किशोरीताईंचं 'सहेला रे' तेवढं ऐकलंय.

---

नववी मात्रा:

@कोरी_पाटी, तुम्ही बरोबर जागी उभ्या आहात. 'सहेला रे'च्या आधी ताईंचा जो भूप आहे, 'प्रथम सूर साधे', तो आधी ऐका. दोनदा. मग मोगूबाईंचं मिळेल ते ऐका. ध्वनिमुद्रणं थोडी आहेत, काही जुनी, खरखर आहे, ताईंच्या गाण्यातला मुलायमपणा पहिल्यांदा सापडणार नाही. निराश होऊ नका. पहिल्या वेळी फक्त सम शोधा. दुसऱ्या वेळी श्वास शोधा, कुठे घेतलाय ते. तिसऱ्या वेळी काही शोधू नका, भाजी निवडा आणि ऐका.

आणि अंगठा हलवू नका.

---

कोरी_पाटी:

काल रात्री ऐकलं. सम सापडली. म्हणजे दोनदा सापडली, बाकीच्या वेळी निघून गेल्यावर कळलं. श्वास अजून सापडला नाही. अंगठ्यावर मिक्सरचं भांडं ठेवलं होतं.

---

आडवाताल:

@गोंयकार दादरचो, येत्या मे महिन्यात कधी जाणार असाल तर आधी सांगा. मी आमच्या बाईंना विचारलं, त्यांना यायचंय. गुडघे दुखतात त्यांचे, गाडी कुठपर्यंत जाते?

---

गोंयकार दादरचो:

गाडी बऱ्यापैकी आतपर्यंत जाते, पुढे वीसेक मिनिटं चाल, जमीन सपाट आहे. बाईंना काठी आणायला सांगा, चिखल वरून वाळलेला दिसतो पण कडेला आत ओला असतो. सकाळी सातलाच निघू, दहानंतर ऊन सोसत नाही. तारीख पाणी किती उतरतं त्यावर, एप्रिलअखेर सांगतो. आणि ह्या खेपेला गाणं आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.